पहिली इलेक्ट्रिक गिटार घेताना

रंग आणि चकाकी बघून भुलू नकोस. मी भुललो होतो. आधी नेकच्या, म्हणजे तारांखालच्या लांब दांडीच्या, दोन्ही कडांवरून बोट फिरव. फ्रेटची, म्हणजे तिच्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं टोचली तर समज, लाकूड सुकून आक्रसलंय. आपल्या सोलापुरात पारा ४० च्या वर गेला की दुकानात गुळगुळीत वाटलेली गिटारही बोटं ओरबाडू शकते. ते घासून घेता येतं. पण पिळलेला नेक नकोच, फुकट दिली तरी.

मग एवढं कर:

- प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजव. एकाच जागी खरखर आली, तर बहुधा त्याच्या पुढचा फ्रेट उंच आहे.
- ट्यूनर (सूर मोजणारं यंत्र) लावून १२ व्या फ्रेटचा सूर बघ. मोकळ्या तारेच्या बरोबर एक सप्तक वर हवा. थोडा फरक ब्रिजवर, म्हणजे तारा बॉडीवर जिथे टेकतात तिथे, सुधारतो.
- अँपला (आवाज मोठा करणाऱ्या पेटीला) जोडून नॉब फिरव, केबल हलव. आवाज तुटला तर भाव पाड.

पिकअपचा (तारांखालच्या, आवाज पकडणाऱ्या चुंबकांचा) विचार आत्ता सोड. ब्रिज ट्रेमोलोशिवायचा (सूर हलवणारी दांडी नसलेला), साधा घे. ट्यूनिंगची कटकट कमी. आणि सगळे पैसे गिटारीवरच घालवू नकोस, अँप आणि सेटअपचे (कारागिराकडून गिटार नीट जुळवून घेण्याचे) बाजूला काढ. गड्ड्याच्या जत्रेतून आणलेल्या खेळण्यासारखी वाजणारी गिटारसुद्धा नीट सेटअप केल्यावर ओळखू येत नाही.