वाचकांचे प्रश्न : एकच बनली, पुढे बनलीच नाही

मागील अंकात मर्सिडीजच्या नारिंगी सी-१११ या कधीच विक्रीला न आलेल्या प्रायोगिक गाडीचे छायाचित्र आणि त्यासोबत एक छोटी नोंद दिली होती. त्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. काही प्रश्न सारखेच असल्याने ते एकत्र केले आहेत.

प्रश्न : सी-१११ घेण्यासाठी लोकांनी कंपनीकडे कोरे धनादेश पाठवले, अशी हकिकत आपण दिली होती. इतके गिऱ्हाईक दारात असताना ती विकायला का काढली नाही? मी औद्योगिक वसाहतीत साच्यांचे काम करतो. एक नग बनला, तर हजार बनवायला अडचण कोणती? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : साच्याचे काम करणाऱ्या माणसाने हा प्रश्न विचारला याचा मला विशेष आनंद वाटतो, कारण अर्धे उत्तर आपल्या रोजच्या कामातच आहे. ठिबकच्या एका जोडणीचा नमुना आपण लेथवर एका दिवसात काढून देऊ शकता, परंतु तोच भाग लाखोंच्या संख्येने काढायचा झाला की पोलादाचा साचा, त्याचे पाणी फिरवण्याचे मार्ग, त्याची दुरुस्ती आणि प्रत्येक नग मापात राहण्याची हमी, हा सगळा खर्च आधी करावा लागतो. गाडीचेही तसेच आहे. एकट्या दरवाज्याच्या पत्र्याला ओढणे, कापणे, कडा दुमडणे आणि भोके पाडणे यांसाठी वेगवेगळ्या डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे पोलादी साचे, लागतात. त्यानंतर टक्कर-चाचण्यांसाठी नव्याकोऱ्या गाड्या मुद्दाम आदळून मोडाव्या लागतात आणि विक्री थांबल्यावरही कितीतरी वर्षे सुटे भाग पुरवावे लागतात. सी-१११ चे अंग फायबरचे होते. मोजक्या गाड्यांसाठी ते सोयीचे होते, कारण त्याला महागड्या डाय लागत नाहीत. परंतु एकेक अंग थरावर थर देऊन हाताने घडवण्यात जो वेळ जातो, तो कारखान्याच्या वेगाला परवडत नाही.

तरीही सी-१११ अडली ती अंगामुळे नव्हे, इंजिनामुळे. १९६९ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ही गाडी प्रथम लोकांसमोर आली, तेव्हा तिच्यात तीन रोटरांचे वांकेल इंजिन होते. १९७० मध्ये जिनिव्हाला दाखवलेल्या दुसऱ्या रूपात चार रोटर, सुमारे ३५० अश्वशक्ती आणि ताशी ३०० किलोमीटरचा वेग होता. वांकेल इंजिनात वर-खाली होणारा पिस्टन नसतो. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर एका लांबट पोकळीत गरगर फिरतो आणि त्याच्या तिन्ही टोकांना बसवलेल्या बारीक पट्ट्या पोकळीच्या भिंतीला सतत घासत राहतात. त्या पट्ट्या झिजल्या की दाब सुटतो. शिवाय जळणाची जागा लांब आणि चपटी असल्यामुळे इंधन पूर्ण जळत नाही. त्यामुळे पेट्रोल जास्त लागते आणि धुरातून न जळलेला भाग बाहेर पडतो. १९७० मध्ये अमेरिकेत हवेच्या शुद्धतेचा कडक कायदा संमत झाला आणि १९७३ मध्ये तेलसंकट आले. एवढे पेट्रोल पिणारी आणि असा धूर सोडणारी गाडी त्यानंतर ग्राहकाच्या हाती देणे शक्य नव्हते. इंजिनाची खात्री नसताना धनादेश परत करणे, हे कंपनीने योग्यच केले असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : म्हणजे त्या गाडीवरचे सगळे श्रम वाया गेले असेच म्हणायचे का? (तंत्रनिकेतनातील एक विद्यार्थिनी, धुळे)

उत्तर : नाही, आणि सी-१११ ची मला सर्वांत आवडणारी हकिकत इथूनच सुरू होते. वांकेल इंजिन काढून टाकल्यावर अभियंत्यांनी त्याच सांगाड्यात पाच सिलिंडरांचे, तीन लिटरचे डिझेल इंजिन बसवले आणि त्याला टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, जोडला. त्या काळी डिझेल म्हणजे टॅक्सी आणि ट्रक, धूर आणि खडखडाट, अशीच समजूत होती. १९७६ च्या जूनमध्ये इटलीतील नार्दोच्या वर्तुळाकार धावपट्टीवर ही गाडी आळीपाळीने चालक बदलत ६० तास पळवली गेली आणि तिचा सरासरी वेग ताशी २५२ किलोमीटर राहिला. पुढे याच कुळातल्या इंजिनाला टर्बो जोडून कंपनीने नेहमीची चार दारांची मोटार विकायला आणली.

मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्याच्या चौफुलीला दहा मिनिटे उभ्या राहा. समोरून जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक ट्रकमध्ये आणि जीपमध्ये टर्बो डिझेल आहे. टर्बो सी-१११ ने शोधला असे मी म्हणणार नाही, कारण ट्रकांमध्ये तो आधीपासून होता. परंतु मोटारीतले डिझेल इंजिन इतका वेग इतका वेळ टिकवू शकते, हे तिने घड्याळ लावून दाखवले. चाचणीची नोंदवही ठेवताना तुम्ही हा फरक नक्की ध्यानात घ्या : गाडी विकली गेली नाही, पण मोजमापे हाती राहिली.

प्रश्न : जग्वारची एक्सजे-१३ ही जगात एकच आहे आणि तीसुद्धा अपघातात सापडली होती, हे खरे का? (एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर : दोन्ही खरे आहे. ही गाडी १९६६ मध्ये ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीसाठी बांधली. पाच लिटरचे, बारा सिलिंडरांचे इंजिन चालकाच्या पाठीमागे बसवलेले होते आणि माल्कम सेयर यांनी आखलेले अंग अ‍ॅल्युमिनियमचे होते. अशा एकुलत्या एक गाडीचा पत्रा हाताने घडवतात. आमच्या धुळ्यात ट्रकच्या बॉडी बांधणाऱ्या कारखान्यात एका वृद्ध डेंटरांना मी हे काम करताना पाहिले आहे. वाळूने भरलेल्या चामडी पिशवीवर पत्रा ठेवून ते लाकडी हातोड्याने हलके ठोके देत, दर चार-पाच ठोक्यांनी डोळे मिटून तळहात फिरवीत आणि उंचवटा बोटांनाच कळे.

एक्सजे-१३ शर्यतीत कधी उतरलीच नाही. ती तयार होईपर्यंत स्पर्धक पुढे गेले होते आणि १९६८ पासून तिच्या वर्गातील इंजिनांवर तीन लिटरची मर्यादा आली. १९७१ मध्ये जग्वारला आपल्या बारा सिलिंडरांच्या ई-टाइप या गाडीची जाहिरात करायची होती. त्या चित्रीकरणासाठी ही गाडी झाकणाखालून बाहेर काढली आणि कंपनीचे चाचणीचालक नॉर्मन ड्यूइस यांनी ती धावपट्टीवर पळवली. भर वेगात मागचे चाक निकामी झाले आणि गाडी कोलांट्या घेत गेली. ड्यूइस बचावले. काही वर्षांनी गाडी पुन्हा बांधण्यात आली. ती आज ब्रिटनमध्ये गेडन येथील संग्रहालयात आहे.

प्रश्न : भारतीय कंपन्यांनी असे काही केले आहे का? (एक वाचक, नंदुरबार)

उत्तर : केले आहे. टाटा मोटर्सने २००० मध्येच जिनिव्हाला आरिया नावाची उघड्या टपाची दोन आसनी गाडी मांडली होती. त्यापेक्षा बरीच पुढे गेलेली गाडी म्हणजे मार्च २०१७ मध्ये तिथेच दाखवलेली रेसमो. इंजिन जेमतेम १.२ लिटरचे, पण टर्बोच्या जोरावर १९० अश्वशक्तीचे, आणि तेही आसनांच्या मागे. ही गाडी विक्रीला आणण्याचा कंपनीचा मानस होता, परंतु प्रकल्प थांबवण्यात आला. महिंद्रने २०१४ मध्ये दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडातील वाहन प्रदर्शनात हॅलो नावाची विजेवर चालणारी स्पोर्ट्स कार दाखवली होती, तीही तिथेच राहिली.

रेसमो रस्त्यावर यायला हवी होती, असे मला आजही मनापासून वाटते. मोठ्या इंजिनाशिवाय, आपल्या आवाक्यातल्या यंत्रसामग्रीवर वेगवान गाडी बांधण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता. जग्वारची सी-एक्स७५ हीसुद्धा एका अर्थाने आपल्याच घरची म्हणता येईल, कारण २००८ पासून ती कंपनी टाटांकडे आहे. २०१० मध्ये पॅरिसला दाखवलेल्या या गाडीच्या २५० प्रती काढायचे ठरले होते, परंतु आर्थिक परिस्थिती पाहून डिसेंबर २०१२ मध्ये तो बेत सोडून देण्यात आला.

प्रश्न : पळासनेरजवळ चहाला थांबलो असताना काळ्या-पांढऱ्या भोवऱ्यांच्या नक्षीने पूर्ण झाकलेली एक गाडी दिसली. लाल पाटीवर पांढरा क्रमांक होता. चालकाने काहीच सांगितले नाही. सोबत फोटो पाठवत आहे. ही अशीच दुर्मीळ गाडी असेल का? (एक वाचक, शिरपूर)

उत्तर : आपण पाहिली ती चाचणीवरची गाडी आहे, आणि चालक गप्प राहिला तो त्याच्या कामाच्या शिस्तीमुळे. इंदूरजवळ पिथमपूर येथे ११.३ किलोमीटरची अतिवेगाची चाचणी-धावपट्टी आहे. पुण्याकडच्या कंपन्यांच्या गाड्या तिकडे आपल्याच महामार्गाने जाऊ शकतात. बिजासनीच्या घाटाचा चढ आणि उतार ब्रेक व इंजिनाचे तापमान पाहण्यासही उपयोगाचा आहे. भोवऱ्यांची नक्षी अंगाच्या कडा आणि वळणे कॅमेऱ्याला नीट कळू नयेत यासाठी असते. दिव्यांवर आणि दरवाज्यांवर खोट्या फुगवट्यांचे तुकडेही चिकटवतात.

परंतु प्रदर्शनातली नमुना गाडी आणि ही गाडी यांत फरक करावा लागेल. पहिली फिरत्या चौथऱ्यावर उभी राहते आणि तिच्यात कधी कधी चालणारे इंजिनही नसते. आपल्यासमोरची गाडी मात्र डाय, पुरवठादार आणि कारखान्यातली जागा बहुधा ठरून गेल्यावर रस्त्यावर आलेली आहे, म्हणून ती विक्रीला येण्याची शक्यता पुष्कळ आहे. आपला फोटो मी मोठा करून पाहिला. मागच्या डाव्या चाकाच्या मधोमध एक गोल चकती बसवलेली आहे आणि तिथून निघालेली वायर चिकटपट्टीने दाबत दाराच्या फटीतून आत नेलेली आहे. चाकाच्या फेऱ्या किंवा त्यावर येणारा भार मोजण्यासाठी अशी जोडणी करतात. गाडीची उंची आणि दारांची संख्या पाहता ती स्पोर्ट्स कार नाही, हे मात्र खात्रीने सांगता येते.