वाचकांचे प्रश्न : सागाचे बी कोठून आणावे?

प्रश्न : आमच्या सोसायटीमागील टेकडीवर साग लावण्याचे ठरले असून, एका परिचितांनी चंद्रपूरहून बी आणून देण्याची तयारी दाखवली आहे. साग सगळीकडे एकच. मग ती रोपे मुंबईच्या हवेला काही वर्षांत सरावतील ना?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : रोपे कदाचित जगतील, परंतु सरावण्याला मर्यादा आहे. झाड आपल्या पानांची आणि मुळांची वाढ परिस्थितीनुसार काहीशी बदलू शकते. त्याची जनुके मात्र बियांतच ठरलेली असतात आणि आपल्या बियांच्या बाबतीत ती चंद्रपूरच्या कडक उन्हाळ्यात पिढ्यान्‌पिढ्या तगलेल्या झाडांकडून आलेली असतील. मुंबईत वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चंद्रपुरात त्याच्या सुमारे निम्माच.

फ्रान्समध्ये वनस्पतितज्ज्ञ व्हिल्मोरँ यांनी १८२०च्या दशकात निरनिराळ्या प्रदेशांतील स्कॉट्स पाइन या सूचिपर्णी वृक्षाचे बी एकाच जागी लावून पाहिले. माती आणि हवा एक असूनही झाडे सारखी वाढली नाहीत, म्हणजे फरक वंशागत होता. सागाच्याही अशा चाचण्या पुढे अनेक देशांत झाल्या.

स्थानिक हवामानाशी जुळणारे असे गुण बहुधा एका जनुकावर अवलंबून नसतात. अनेक जनुकांचा थोडाथोडा परिणाम एकत्र येतो. स्वीडनमधील ॲस्पेन हा पॉप्लरच्या कुळातील वृक्ष लक्षणीय अपवाद आहे. तेथे उत्तरेकडील झाडे हंगामात लवकर वाढ थांबवून कळ्या मिटतात, आणि या फरकाचा बराच मोठा भाग एफटी-२ हे जनुक आणि त्याच्या आसपासचा डीएनए यांच्याशी जोडलेला आढळला आहे. वाऱ्याने परागकण दूरवर मिसळत असूनही असे फरक पुसले जात नाहीत, कारण असंख्य बियांपैकी मोजकीच झाडे होतात आणि स्थानिक हवामानाची ही निवड प्रत्येक पिढीत नव्याने होते. नॉर्वेतील स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षामध्ये तर बी तयार होतानाच्या तापमानाचाही रोपांवर टिकाऊ परिणाम दिसतो, तोही जनुकांचा क्रम न बदलता.

स्वीडनमधील झाडे वाढ कधी थांबवायची हे दिवसाच्या लांबीवरून ठरवतात. मुंबईत मात्र ही लांबी वर्षभरात फारशी बदलत नाही; येथे कस लागतो तो चार महिन्यांच्या मुसळधार पावसाचा आणि त्यानंतरच्या दीर्घ कोरडेपणाचा. म्हणून ठाणे-पालघर परिसरातील बी घेणे अधिक सुरक्षित. (टेकडीवर निव्वळ सागच का, हा वेगळा प्रश्न आहे.) रोपवाटिकेतून रोपे घेणार असाल, तर बी कोणत्या जंगलातील आहे हे अवश्य विचारावे, आणि ते परस्परांपासून दूर असलेल्या अनेक झाडांखालून गोळा केलेले असावे, कारण एकाच झाडाच्या बियांची रोपे ही शेवटी भावंडेच असतात, आणि त्यांची पुढची पिढी आपापसांतील परागणामुळे दुबळी होण्याचा धोका असतो.