क्योतोमध्ये मुक्काम कुठे करावा: स्टेशनजवळ, गिओनमध्ये, की ओसाकात राहून रोज ये-जा?

तुम्ही लिहिलंय की सोबत सत्तरीचे आई-वडील आहेत, दोघेही शाकाहारी, रिओकानची, म्हणजे जुन्या जपानी पद्धतीच्या सराईत राहायची, हौस आहे आणि ‘बरेच जण ओसाकात राहून क्योतो करा म्हणतात’. हे बरेच जण म्हणजे आमचे मोठे भाऊजीच असणार, म्हणून लिहायला बसले.

आधी उत्तर. क्योतोतच राहा. कामो नदीच्या आसपास, सान्जो ते शिजो या पट्ट्यात कुठेही. तिथे जमलं नाही तर कारासुमा ओइकेजवळ, मेट्रोच्या दोन्ही लाइन तिथे मिळतात. ओसाका नको.

आता भाऊजींचं ऐका. आम्ही सगळं घर मिळून गेलो होतो आणि बुकिंग त्यांच्याकडे. त्यांनी एक्सेलमध्ये सिद्ध केलं की ओसाकाच्या नाम्बा भागातली खोली क्योतोपेक्षा स्वस्त आणि जलद गाडीने क्योतो अर्ध्या तासावर. मी म्हटलं, जे बघायला जातोय तिथेच राहू या ना. त्यावर त्यांचं वाक्य, घरात अजून गाजतं ते: “डोळे मिटल्यावर ओसाका काय नि क्योतो काय!” आमचे हे नेहमीप्रमाणे पेपरात डोकं घालून बसले.

अर्धा तास खरा आहे, पण तो ओसाका स्टेशन ते क्योतो स्टेशन. नाम्बाहून आधी मेट्रोने उमेदा (ओसाका स्टेशन तिथेच), तिथल्या भुयारी बाजारांतून वाट काढत जेआर रेल्वेचा फलाट, मग ती गाडी आणि क्योतोत उतरल्यावर 206 नंबरच्या बसची रांग. त्यात आमचं लटांबर नाश्ता उरकून लॉबीत जमेपर्यंतच साडेनऊ. या बसमध्ये मागच्या दाराने चढतात आणि पुढे ड्रायव्हरशेजारी पैसे टाकून उतरतात. खच्चून भरलेल्या बसमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सासूबाईंना मागून पुढे आणायचं काम माझ्याकडे होतं. कियोमिझु मंदिराच्या चढाला लागलो तेव्हा बारा वाजत आले होते. वाटेतल्या निनेन्झाका गल्लीच्या पायऱ्यांवर पाऊल ठेवायला जागा नाही, सगळीकडे भाड्याचे किमोनो आणि सेल्फी स्टिक. बहुतेक मंदिरं पाचच्या सुमारास बंद होतात, म्हणजे हाताशी उरले चार-पाच तास. बरं, संध्याकाळी गिओनमध्ये दारांवरचे कंदील लागायला लागले, जरा कुठे मोकळा श्वास घ्यावा, तर भाऊजींनी घड्याळ दाखवलं. चला, गर्दी व्हायच्या आत गाडी पकडू!

रोज हेच. शेवटी एका रात्री पाय चेपून घेताना सासूबाई म्हणाल्या, “अगं, हे म्हणजे पंढरपूरला यायचं आणि मुक्काम कुर्डुवाडीला.”

मला तेवढंच हवं होतं. सान्जोजवळच्या एका गल्लीत छोट्या लाकडी रिओकानमध्ये आम्हा दोघींपुरती खोली मी तिथल्या तिथे बुक केली. बॅगा ओसाकातूनच कुरिअरने पुढे पाठवल्या. जपानमध्ये या हॉटेलातून त्या हॉटेलात सामान पाठवायची सोय फार उत्तम आहे, तुम्हीही वापरा. कंपनीचं चिन्ह तोंडात पिल्लू धरलेली काळी मांजर. ते बघून सासूबाईंनी तोंडातल्या तोंडात रामरक्षा सुरू केली, पण बॅगा दुसऱ्या दिवशी आमच्याआधी हजर.

घर समोरून जेमतेम दोन दारांएवढं अरुंद, आत मात्र लांबच लांब. मधे इवलंसं अंगण, शेवाळलेला दगडी दिवा. दारात बूट काढायचे आणि उंच पायरी चढून आत जायचं. सासूबाईंनी चौकटीला हात लावला मात्र, मालकीणबाई न विचारता आत गेल्या आणि एक बुटकं स्टूल घेऊन आल्या. त्यावर बसवून बूट स्वतः काढले, टोकं दाराकडे करून ठेवले. रात्री तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या चटईवर, गादी घालताना सासूबाईंसाठी एकावर एक दोन घातल्या. भाषेचा एक शब्द दोघींना समाईक नव्हता.

आणि दुसऱ्या दिवशीची पहाट. कियोमिझु सकाळी सहाला उघडतं, हे ओसाकात राहणाऱ्याच्या काय कामाचं? साडेपाचला टॅक्सी बोलावली. तिचं दार आपोआप उघडलं, त्याला सासूबाईंनी नमस्कार केला. चढावरची सगळी दुकानं बंद, एक म्हातारे गृहस्थ आपल्या दारापुरता रस्ता झाडत होते. दरीवर काढलेला तो लाकडी सज्जा 1633 मधला, एरवी तिथे कठडासुद्धा दिसत नाही. आम्हाला तो जवळजवळ रिकामा मिळाला. खाली ओतोवा झऱ्याच्या तीन धारा पडतात. लांब दांड्याच्या पळ्या अतिनील दिव्याच्या कपाटात ठेवलेल्या असतात, तिथून घ्यायच्या आणि धारेखाली धरायच्या. एक धार आयुष्याची, एक विद्येची, एक प्रेमाची. तिन्ही पिणं हावरटपणाचं समजतात, हे मी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, “तीर्थ तीनदा घेतात एवढं मला कळतं,” आणि तिन्ही प्यायल्या. आठ वाजता आम्ही परत खोलीत चहा पीत होतो, तेव्हा भाऊजींचा मेसेज आला की ते आता नाश्त्याला उतरतायत.

तर मुद्दा असा की सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर क्योतो राहणाऱ्यांचं असतं. मधल्या वेळात ते ओसाकाहून आलेल्यांचं. कामोकाठी संध्याकाळी नुसतं बसायचं, बगळे बघायचे, पाय दुखले की दहा मिनिटांत खोलीवर. हे कुठल्या रकान्यात टाकणार? आणि रकान्यांचंच म्हणाल तर नाम्बाहून रोज जायचं-यायचं माणशी दीड हजार येनच्या आसपास पडतं, ते त्या शीटमध्ये ‘इतर’मध्ये होतं.

रिओकान एक रात्र करा, पुरे. आणि शाकाहारी असाल तर जेवण-नाश्ता न घेता बुक करा. त्यांच्या सारात, सूपमध्ये, भाजीच्या रसातसुद्धा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो, दिसत नाही. आई-वडील नुसता भात आणि आंबट-खारट आलुबुखार खातील आणि माशांचं आलेलं ताट तुम्ही संपवत बसाल. चिओन-इन, निन्नाजी अशा मंदिरांची स्वतःची अतिथीगृहं आहेत. मंदिरांचं शोजिन, म्हणजे बौद्ध भिक्षूंचं शाकाहारी, जेवण मागितलंत तर मासे नाहीतच, कांदा-लसूणही नाही. पुष्कळ रिओकानात आंघोळीची जागा सामाईक असते, बायकांची वेगळी, पण कपडे अजिबात नाहीत. आईंना आधी सांगून ठेवा.

बाकी भराभर. गिओन दिसायला सुंदर, पण महाग, आणि तिथल्या खासगी गल्ल्यांत 2024 पासून पर्यटकांना मज्जाव आहे, 10,000 येन दंडाच्या पाट्या आहेत. झोपण्यासाठी तिथे जास्त पैसे मोजू नका, नदी ओलांडून चालत जा. जुनं अख्खं घर भाड्याने मिळतं ते फोटोत छान दिसतं, पण जिना शिडीसारखा उभा, म्हणून तुमच्यासाठी बाद. स्टेशनजवळ शेवटची रात्र काढा, शिन्कान्सेन (बुलेट ट्रेन) सकाळची असेल तर. फुशिमी इनारी देवस्थान तिथून दोनच स्टेशनं आणि दिवसरात्र उघडं.

भाऊजींची बाजूही सांगते, नाहीतर म्हणतील एकतर्फी लिहिलं. ओसाकात खाणं झकास आहे, रात्री जाग असते, आणि मुलांना युनिव्हर्सल स्टुडिओला न्यायचं असेल तर तिथे एक-दोन रात्री राहाच. क्योतोचा मुक्कामावरचा करही मार्च 2026 पासून वाढलाय: माणशी रात्रीचं भाडं 6,000 ते 20,000 येनच्या आत असेल तर 400 येन, त्यापुढे 50,000 च्या आत 1,000, लाखाच्या आत 4,000, आणि लाख किंवा त्यावरच्या भाड्याला थेट 10,000. ही बातमी भाऊजींनी फॅमिली ग्रुपवर न चुकता टाकली. 400 येन म्हणजे अडीचशे रुपयेसुद्धा नाहीत, भाऊजी.

एप्रिलचा पहिला आठवडा आणि नोव्हेंबरची अखेर, म्हणजे साकुरा (चेरीचा बहर) आणि लाल पानं, या दिवसांत मात्र क्योतोचे दर खरोखर अंगावर येतात. तेव्हाही ओसाका नको. पलीकडे बिवा तळ्याकडे ओत्सु आहे, क्योतो स्टेशनपासून जेआरने साधारण दहा मिनिटं. फक्त हॉटेल ओत्सु स्टेशनला लागून बघा, तळ्याकाठची मोठी हॉटेलं लांब पडतात आणि आई-वडिलांना रोज तेवढं चालवणार नाही.