'लेस्ट' म्हणजे 'लीस्ट' नव्हे

इंग्लिशमधला लेस्ट (lest, 'अमुक होऊ नये म्हणून') म्हणजे लीस्टचंच (least, सगळ्यात कमी) जुनं रूप का, आणि त्याच्यापुढे शुड (should) लागतंच का, असं कुणीतरी विचारलंय. लीस्टचं नाही, पण त्याच्या सख्ख्या भावाचं, म्हणजे 'लेस'चं (less, कमी) आहे. जुन्या इंग्लिशमधे 'थी लॅस थे' असे तीन शब्द होते, शब्दशः 'त्यायोगे कमी की', त्यातला पहिला गळून पडला, उरलेले दोन एकमेकांना चिकटले आणि शेवटच्या थेचा नुसता ट राहिला.

हा 'कमी' म्हणजेच नकार, आणि तो शब्दाच्या पोटातच आहे. म्हणून 'वॉक स्लोली लेस्ट यू शुड फॉल' म्हणजे पडू नयेस म्हणून हळू चाल. आपल्याकडे बरेच जण त्यात अजून एक नॉट घुसडतात, मग अर्थ होतो न पडण्याची वेळ येऊ नये म्हणून हळू चाल! आपलं बोलीतलं 'न जाणो' याच्या बरंच जवळचं आहे, न जाणो पाऊस आला तर, छत्री घे. पण भीतीच्या क्रियापदानंतर लेस्ट आला की हा नकार गायब होतो, 'आय फिअर्ड लेस्ट ही शुड सी मी' म्हणजे तो मला बघेल अशी भीती वाटली, इथे 'बघू नये' लावाल तर फसाल.

शाळेत 'लेस्टनंतर शुडच' असं घोकून घेतात ते अर्धंच खरं आहे. नुसतं मूळ क्रियापदही चालतं, 'लेस्ट ही फॉल', त्याला एस लावायचा नाही, अमेरिकेत तर हेच जास्त. १६११ च्या किंग जेम्स बायबलमधे ईव्ह देवाची आज्ञा सांगते, त्या झाडाचं फळ खाऊ नका, शिवूही नका, 'लेस्ट यी डाय' (तुम्ही मरू नये म्हणून), कुठाय शुड?

युद्धस्मारकांवरचं 'लेस्ट वी फर्गेट' पण तसंच. ते इंग्लिश कवी किपलिंगच्या १८९७ च्या 'रिसेशनल' कवितेतलं ध्रुवपद, (हा मुंबईत जन्मलेला बरं का) आणि कविता व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाची, युद्धात पडलेल्या सैनिकांची नव्हेच. तिथे आधी 'देवा, आमच्या सोबत राहा' असं मुख्य वाक्य आहे आणि मग 'आम्ही विसरू नये म्हणून'. पहिल्या महायुद्धानंतर स्मारकांवर फक्त शेपूट कोरलं गेलं, त्यामुळे व्याकरणाने बघाल तर ते वाक्य अर्धवटच आहे. रोजच्या ईमेलमधे मात्र लेस्ट नको, सरळ 'सो दॅट... डझन्ट' लिहा, लेस्ट तिथे उगाच शेरवानी घालून भाजी आणायला गेल्यासारखा दिसतो.