सूर्य थांबला होता का?

प्रश्न : इथिओपियाच्या एका मठात चित्रांनी सजवलेलं फार जुनं बायबल आहे आणि ते एका साधूने एकाच दिवसात लिहिलं, असं वाचलं. यात तथ्य किती?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तो मठ टिग्रे प्रांतात, अडवा गावाजवळ आहे : अब्बा गरिमा. तिथे आहेत ती चार शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या जीवनकथा; अख्खं बायबल नव्हे. भाषा गीझ, म्हणजे इथिओपियाची जुनी धर्मभाषा; पानं बकरीच्या कातड्याची. संत गरिमा लिहायला बसले आणि काम पुरं होईपर्यंत देवाने सूर्य मावळू दिला नाही, अशी मठाची श्रद्धा.

माझी तीस वर्षं पोथ्यांच्या संग्रहात गेली. बोरूने एक पान नीट उतरवायला मला अख्खी सकाळ लागते, तेव्हा एका दिवसाची गोष्ट मी भक्तीची म्हणूनच ऐकते. पण साधू आणखी एक सांगत आले : हे ग्रंथ गरिमांच्याच काळचे, म्हणजे पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराचे. अभ्यासकांनी ते मानलं नाही, ग्रंथ इ.स. ११०० च्या आसपासचे ठरवले. पुढे कातड्याचे बारीक कण ऑक्सफर्डला तपासले गेले. एका ग्रंथाचं कातडं ३९० ते ५७० मधलं निघालं, दुसऱ्याचं ५३० ते ६६० मधलं. साधूंचं ऐकायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

माझं मन अडकतं ते सुरुवातीच्या पानांवर. रंगीत खांब, वर कमान, कमानीवर पक्षी. आणि खांबांच्या मधे, जमाखर्चाच्या वहीत असावेत तसे आकड्यांचे रकाने. मत्तयाच्या शुभवर्तमानातला प्रसंग लूकच्या शुभवर्तमानात कुठे आहे, हे त्यावरून सापडतं. ही युक्ती चौथ्या शतकातल्या युसेबियस या ख्रिस्ती बिशपची. नुसत्या सूचीसाठी एवढी मेहनत! लिपीही बघा : डावीकडून उजवीकडे जाणारी, प्रत्येक व्यंजनाची स्वरानुसार सात रूपं. बाराखडी गिरवलेल्या माणसाला ती परकी वाटत नाही.

२००६ मध्ये सुट्या पानांची डागडुजी झाली तीही मठातच. कारागीर तिथे गेले, ग्रंथ हलले नाहीत. मठात बायकांना प्रवेश नाही. बिआट्रिस प्लेन ही ब्रिटिश चित्रकार विसाव्या शतकाच्या मध्याला तिथे गेली, तेव्हा साधूंनी ग्रंथ उचलून तिच्यासाठी बाहेर आणले होते.