आंब्याचा पंप कौलांवर का मरतो?

प्रश्न : भाऊ, आम्ही देवगड तालुक्यातले. घरात हापूसच्या फवारणीचा बॅटरीवाला पाठीवरचा पंप आहे, १६ लिटरचा. गेल्या दिवाळीत त्यातच हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनवालं पातळ ब्लीच) भरून घराच्या कौलांवरचं शेवाळ काढलं, काम एकदम झकास झालं, मग वाडीतल्यांनी बोलावलं, चार घरं केली आणि पाचव्या घरावर पंप बंद. नवा घेतला तोही महिन्याभरात गेला. गडी म्हणतो, पंप मेलो, आता तिसरो आणा. हे काम आता धंदा म्हणून करायचंय, तर टिकणारा इलेक्ट्रिक पंप कुठला? दुकानदार म्हणतो जास्त पीएसआयचा, म्हणजे जास्त दाबाचा घ्या.

उत्तर : दादा, तिसरा आणायच्या आधी मेलेला उघडून बघा. चार स्क्रू असतात फक्त. आत व्हॉल्व्हची रबरं कडक होऊन तडकलेली नाहीतर फुगलेली दिसतील आणि स्प्रिंगच्या जागी गंजाचा चुरा. म्हणजे पंप प्रेशरने गेला नाही, हायपोने खाल्ला. फवारणीचा पंप औषधासाठी बनवलेला असतो, त्यात बऱ्याचदा साधं नायट्राईल रबर असतं आणि ते क्लोरीनपुढे टिकत नाही.

त्यामुळे दुकानात पीएसआय नंतर विचारा, आधी विचारा की व्हॉल्व्ह आणि ओ-रिंग कसल्या आहेत. व्हायटन म्हणाला तर उत्तम, ईपीडीएम म्हणाला तरी चालेल (दोन्ही रसायनाला टिकणारी रबरं), आणि "रबरच आहे हो साहेब, भारी क्वालिटी" म्हणाला तर चहा पिऊन घरी या. दुसरं, पाण्याला लागणारी स्प्रिंग किंवा पितळी नट आहे का ते बघा. नुसतं स्टेनलेस आहे म्हणून खूश होऊ नका, हायपो स्टीललाही बारीक भोकं पाडतो. तिसरं म्हणजे डायफ्रॅम (पाणी ढकलणारा आतला रबरी पडदा) आणि व्हॉल्व्हचं किट कुडाळला नाहीतर रत्नागिरीला सुटं मिळतं का. मिळत नसेल तर कितीही चांगला असला तरी तो पंप धंद्याला कामाचा नाही, कारण रबर आज ना उद्या बदलावंच लागतं.

आता पीएसआयचं. १० मीटर पाणी वर चढवायला साधारण १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय लागतं. आपली घरं बैठी, आढं फार तर सहा मीटरवर, तेव्हा ६० पीएसआयचा १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप पाइपातलं नुकसान धरूनही पुरतो. आपल्याला शेवाळ मारायचंय, कौल फोडायचं नाही. बघायचं असेल तर मिनिटाला लिटर किती ते बघा, पाठीवरचा दोन-तीन लिटर देतो, मोठा पंधरा-वीस देतो, आणि टाकी जमिनीवरच ठेवून लांब पाइप वर नेता येतो, पाठीवर १६ किलो घेऊन शेवाळी कौलांवर चढायची गरजच नाही. (ही एकच गोष्ट पटली तरी माझं आजचं लिहिणं वसूल.)

मोठा पंप करंट पण खातो, १० अँपिअर सहज. पाठीवरच्या पंपाची ८ अँपिअर-तासाची बॅटरी त्याला काय पुरणार, गाडीची किंवा इन्व्हर्टरची लावा. आणि इथे सगळे चुकतात, बॅटरी ओटीवर आणि पंप लांब, मध्ये बारीक वायर. दीड चौरस एमएमची तांब्याची वायर १० मीटर नेली तर १० अँपिअरला जाऊन-येऊन जवळजवळ २.४ व्होल्ट वायरीतच जातात, पंपाला मिळतात साडेनऊ, मग तो कण्हत चालतो, तापतो आणि जळतो आणि नाव कंपनीचं. वायर आखूड ठेवा, पाइप लांब करा. फ्यूज बॅटरीच्या जवळ. टर्मिनलला ग्रीस लावा, आपलं खारं वारं तांबंही हिरवं करतं.

पंप टक-टक-टक करत चालू-बंद होत असेल तर नोझल लहान पडतंय. दाब वाढला की पंप बंद करणारा प्रेशर स्विच त्यानेच मरतो. मोठं नोझल लावा किंवा थोडं पाणी टाकीत परत सोडणारी बायपास लाइन टाका.

बाजारात मिळणारा हायपो १० ते १२ टक्क्यांचा असतो, एक भाग हायपोला पाच भाग पाणी, कौलांना तेवढा पुरे. कॅन उन्हात ठेवू नका, ताकद उतरते. आणि काम झालं की लगेच पाच मिनिटं गोडं पाणी फिरवा, जेवून आल्यावर नाही. दोन घरांनंतर गेलेला पंप मी पाहिलाय तो याच आळसाने गेलेला.

प्रश्न : गुहागरला आमचा छोटा होमस्टे आहे. अर्धं घर कौलारू, अर्धं पत्र्याचं. गाडी धुवायचा प्रेशर वॉशर आहे, तोच वापरला तर नवा पंप घ्यायला नको ना?

उत्तर : ताई, कौलांवर नकोच. मंगलोरी कौल १८६५ पासून बनतंय आणि ते वरून पडणाऱ्या पावसासाठी बनलंय, खालून घुसणाऱ्या फवाऱ्यासाठी नाही. पाणी कौलाखाली जातं, रिपा-वासे भिजतात, कौलाची वरची कातडी पण निघते आणि पुढच्या पावसाळ्यात शेवाळ दुप्पट. शिवाय ओल्या छपराजवळ २३० व्होल्टची वायर, घरात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर विचारच सोडा. पत्रा जस्ताचा असेल तर हायपो पण नको, जस्त खातो, साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. सिमेंटचा जुना पत्रा असेल तर कोरडा घासू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं.

प्रश्न : हायपोऐवजी विहिरीत टाकायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पाण्यात कालवून पंपात भरली तर? स्वस्त पडते. आणि तोच पंप धुऊन मोहोराला वापरला तर?

उत्तर : पावडरीत चुना असतो, तो खाली बसतो आणि व्हॉल्व्हमध्ये अडकतो. वापरायचीच तर रात्री भिजवा, सकाळी वरची निवळ कापडाने गाळून घ्या, तरी जाळीवर डोळा ठेवा. ॲसिड मात्र यातल्या कशातही टाकू नका, क्लोरीन वायू सुटतो, जीव जाईल.

मोहोराला मात्र नाही म्हणजे नाही. धुतलेल्या टाकीतही पाइपात काहीतरी राहतं. दोन पंप ठेवा, एकाला लाल चिकटपट्टी गुंडाळा. आणि फवारणीआधी पागोळीखालची झाडं भिजवा, पन्हळीचा पाइप विहिरीत किंवा टाकीत जात असेल तर तो आधी काढून बाजूला ठेवा.