सकाळचं पाणी निवळ, तरी बंधारा गाळानं भरला

प्रश्न : आमच्या भातखाचरांखालच्या ओहोळावर सिमेंट बंधारा आहे. पावसाळाभर रोज सकाळी आठला लिटरभर पाणी घेऊन गाळ मोजला. तो चिमूटभरच निघतो, पण बंधारा निम्मा भरलाय. हिशेब कुठे चुकला?
– एक शेतकरी, मुरबाड

उत्तर : हिशेब बरोबर आहे, वेळ चुकली. लहान ओहोळाचा पूर तास-दोन तासांत ओसरतो. बहुतेक गाळ मोजक्या मोठ्या सरींत जातो, तोही पाणी चढत असताना. उतरतं पाणी तेवढ्याच उंचीला असलं तरी बहुधा निवळ असतं. सुटी माती आधीच वाहून गेलेली असते.

समजा, सकाळी सेकंदाला ६० लिटर पाणी आणि लिटरमागे ०.०५ ग्रॅम गाळ : तासाला जेमतेम ११ किलो. दुपारच्या सरीत पात्र २ मीटर रुंद, सरासरी ०.४ मीटर खोल. टाकलेलं लिंबू १० मीटर अंतर १७ सेकंदांत कापतं. पृष्ठभागाचा वेग जास्त असतो म्हणून ०.८५ ने गुणायचं. प्रवाह येतो सेकंदाला सुमारे ४०० लिटर. लिटरला २ ग्रॅम गाळ धरला तर तासाला जवळपास २.९ टन! लिंबू काठावरूनच टाका, पुरात उतरू नका.

रात्रीच्या सरीसाठी खांबाला वेगवेगळ्या उंचीवर बाटल्या बांधा. प्रत्येकीच्या बुचात दोन नळ्या : पाणी आत येण्याची वाकवलेली, हवा बाहेर जाण्याची त्याहून उंच. पाणी चढेल तशा त्या आपोआप भरतात. नमुना आधी वजन केलेल्या गाळणकागदातून गाळून १०५ अंशांवर वाळवा, मग तोला.

तळाशी घरंगळणारी वाळू मात्र बाटलीत येतच नाही. म्हणून पावसाळ्यानंतर बंधाऱ्यामागे ठिकठिकाणी सळई खुपसून गाळाची खोली घ्या. चिखलणीच्या दिवसांत खाचरांच्या मोऱ्यांवरही नजर ठेवा. गढूळ पाणी दोन-तीन दिवस कोंडून ठेवलं तर बराच गाळ शेतातच राहतो.

प्रश्न : ओहोळात ९० अंशांचा व्ही-नॉच (व्ही आकाराची खाच असलेली पाटी, खाचेतल्या पाण्याच्या उंचीवरून प्रवाह कळतो) बसवलाय. पाऊस तोच, पण ऑगस्टपासून प्रवाह कमी का दिसतो?
– शहापूर

उत्तर : आधी पाटीमागचा गाळ पाहा. डबकं उथळ झालं की पाणी वेगानं येतं आणि तेवढ्याच प्रवाहाला उंची कमी भरते. खाचेच्या टोकाखाली कमाल उंचीच्या दुप्पट खोली हवी. मोजपट्टी त्या उंचीच्या चौपट अंतरावर वरच्या बाजूला लावा, तिचा शून्य खाचेच्या टोकाच्या पातळीत. २० सेंटिमीटरला सेकंदाला सुमारे २५ लिटर धरा.